वर की खाली?

दरवर्षी संपादक मंडळाचा फोन येतो आणि दरवर्षी मी "यंदा नको, पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणून सुटका करून घेतो. यंदा ती सोय उरलेली नाही. येत्या मार्चमध्ये आम्ही बहारीन कायमचं सोडून पुण्याला परत जातोय. शिवाय एक गोष्ट बरीच वर्षं मनात पडून आहे. ती जिथे घडली तिथेच सांगून जावी असं वाटतं.

मंडळातल्या बहुतेकांना मी "विमानतळावर काहीतरी करणारे काका" म्हणून माहीत आहे. गणपतीत माईक बंद पडला की मला हाक मारतात, तेवढीच माझ्या विद्येची ओळख. मी एव्हिऑनिक्सचा माणूस. म्हणजे विमानाचं इंजिन, पंख, चाकं यांच्याशी माझा संबंध नाही. विमानाचे कान, डोळे आणि वाचा एवढंच माझ्या वाट्याला. सांताक्रूझला काही वर्षं काम करून १९९३ साली मुहर्रकला आलो आणि तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. त्यातला बराच काळ एका डब्याच्या सहवासात गेला. त्याचं नाव टीकॅस. दोन विमानांची हवेत टक्कर होऊ नये म्हणून बसवलेलं हे यंत्र.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगतो. गिरगावातल्या चाळीचा अरुंद बोळ आठवा. समोरून कोणी आलं की आपण डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला सरकतो. मग दोघंही उजवीकडे. मग दोघंही थांबून हसतात. आकाशात थांबता येत नाही आणि हसायला वेळ नसतो. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं एकमेकांकडे सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर या वेगाने येत असतात. समोरचा ठिपका डोळ्यांना दिसून, तो विमान आहे हे मेंदूला पटेपर्यंत गोष्ट हाताबाहेर गेलेली असते.

टीकॅस दर सेकंदाला आसपासच्या विमानांना विचारतो, "कोण आहे? किती उंचीवर?" दुसऱ्या विमानातला ट्रान्सपाँडर नावाचा डबा उत्तर देतो. त्यावरून टीकॅस अंतर नव्हे, वेळ मोजतो. "किती लांब आहे" यापेक्षा "किती सेकंदांत भेट होणार" हा प्रश्न खरा, हे मॉरेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं होतं. भेट पाऊण मिनिटाच्या आत आली की टीकॅस नुसतं "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असं सांगतो. ती आणखी जवळ आली, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, की मात्र हुकूम देतो. एकाला "वर जा", दुसऱ्याला "खाली जा". आणि बोळातल्या दोघांसारखी फजिती होऊ नये म्हणून हुकूम देण्याआधी दोन्ही डबे रेडिओवरून आपसांत ठरवून घेतात, तू वर तर मी खाली. वैमानिकांना याचा पत्ताही नसतो. दोन अनोळखी माणसांच्या वतीने त्यांचे डबे परस्पर एक करार करून मोकळे होतात.

हे यंत्र सहजासहजी आलेलं नाही. १९५६ साली अमेरिकेत ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ माणसं गेली, तेव्हापासून संशोधन सुरू होतं. १९८६ साली लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस या उपनगरावर एक प्रवासी विमान आणि एक छोटं खाजगी विमान धडकलं. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ मृत्यू झाले, आणि मग कुठे तिथल्या संसदेने कायदा करून हे यंत्र सक्तीचं केलं. आमच्या धंद्यात म्हणतात की नियमावलीतलं प्रत्येक कलम रक्ताने लिहिलेलं असतं. ऐकायला नाटकी वाटतं, पण खोटं नाही.

आपल्या लोकांनी तर याची किंमत फारच मोठी मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६. दिवाळीचे दिवस होते. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो जेट आणि दिल्लीत उतरू पाहणारं कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं इल्युशिन हरियाणातल्या चरखी दादरी गावावर धडकले. ३४९ मृत्यू, हवेतल्या टकरीत आजवर झालेले सर्वांत जास्त. सौदी विमान दहरानला येत होतं, म्हणजे आपल्या समुद्रपुलाच्या पलीकडे. त्यात बसलेल्यांत रोजगारासाठी आखातात निघालेली आपली माणसं किती तरी होती. जुन्या सभासदांना तो आठवडा आठवत असेल. आमच्या इमारतीत फोन वाजला की लोक दचकत होते. खोबर, दम्माममधला कोण सुट्टीवर गेला होता, कोण कुठल्या विमानाने परतणार होता, याच्या याद्या आम्ही तोंडी करत बसलो होतो.

त्या संध्याकाळी सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं आणि कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान १५ हजारांच्या खाली उतरत राहिलं. रेडिओवर बोलणाऱ्या त्यांच्या माणसासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं, त्याला इतरांच्या खांद्यांवरून डोकावून बघावं लागे. आणि दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. त्यानंतर भारताने आपल्याकडे येणाऱ्या विमानांना ते सक्तीचं केलं आणि आमच्या हँगरमध्ये हे डबे धडाधड बसू लागले. तेव्हा मला वाटायचं, प्रश्न सुटला. डबा असेल तर टक्कर नाही. इतकं साधं.

तसं साधं नव्हतं हे १ जुलै २००२ च्या रात्री कळलं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी यूबरलिंगेन नावाचं गाव आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास तिथे ३६ हजार फुटांवर दोन विमानं काटकोनात एकमेकांच्या वाटेत आली. एक रशियन टुपोलेव्ह, मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं. त्यात बहुतेक बश्किरियातली शाळकरी मुलं होती, सुट्टीला स्पेनला चाललेली. दुसरं मालवाहू बोईंग. ते आपल्या इथून, बहारीनहून निघालं होतं, वाटेत इटलीत बेर्गामोला थांबून ब्रसेल्सला चाललं होतं. नोंदणीही बहारीनचीच. त्या विमानाला मी कधी हात लावला नव्हता, त्यातल्या दोघा वैमानिकांना मी ओळखत नव्हतो. उगाच नातं सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये कोणी जेवलं नाही.

दोन्ही विमानांत टीकॅस होतं आणि दोन्ही चालू होती. इथूनच माझी झोप उडाली.

झालं असं. झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या रात्री एकच कंट्रोलर कामावर होता. दुसरा विश्रांतीला गेला होता. तशी तिथे पद्धतच पडून गेली होती आणि ती वरिष्ठांना चालत होती. देखभालीच्या कामामुळे मुख्य रडार यंत्रणा अर्धीच चालू, टकरीची आगाऊ सूचना दाखवणारी सोय बंद, टेलिफोनची मुख्य लाईन बंद. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या कंट्रोलरना धोका दिसत होता, ते झुरिकला फोन लावत होते, लागत नव्हता. आणि हा एकटा माणूस दोन पडद्यांवर, एका उशीर झालेल्या तिसऱ्या विमानाला उतरवण्याच्या खटपटीत.

टकरीच्या ४३ सेकंद आधी त्याचं लक्ष गेलं. त्याने टुपोलेव्हला सांगितलं, खाली या. सात सेकंदांनी टुपोलेव्हमधला डबा बोलला, वर जा. त्याच क्षणी बोईंगमधला डबा म्हणाला, खाली जा. बोईंगवाले खाली निघाले. टुपोलेव्हच्या कॉकपिटमध्ये पाच माणसं होती. त्यांतल्या मागे बसलेल्या सहवैमानिकाने ध्यानात आणून दिलं की यंत्र वर जा म्हणतंय. वरिष्ठाने उत्तर दिलं की कंट्रोलर आपल्याला खाली नेतोय. कंट्रोलरने आपली सूचना पुन्हा सांगितली. दोन्ही विमानं एकाच दिशेने, खाली, उतरत राहिली आणि ३४,८९० फुटांवर भेटली. ७१ मृत्यू.

सात सेकंद. माणूस यंत्राच्या आधी सात सेकंद बोलला. त्या कंट्रोलरला आणखी थोडा उशीर झाला असता, त्याचं लक्ष गेलंच नसतं, तर बहुधा ती मुलं बार्सिलोनाला पोहोचली असती. चूक सुधारण्यासाठी केलेली धडपडच घातक ठरली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो.

मग प्रश्न उभा राहतो की वैमानिकाने कोणाचं ऐकायचं? माणसाचं की डब्याचं? आज उत्तर स्पष्ट आहे. २००३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नियमच झाला की टीकॅसचा हुकूम आणि कंट्रोलरची सूचना विरुद्ध असतील तर टीकॅसचंच ऐकायचं. पण त्या रात्री ते तितकं स्पष्ट नव्हतं. निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळं लिहिलेलं होतं, काही ठिकाणी परस्परविरुद्ध. चौकशी अहवालानेच तसं म्हटलंय. जपानमध्ये जानेवारी २००१ मध्ये अगदी असाच प्रसंग घडला होता. एकाच कंपनीची दोन विमानं, कंट्रोलरकडून क्रमांकांची अदलाबदल, एका वैमानिकाने यंत्र डावलून कंट्रोलरचं ऐकलं. ती विमानं शेवटच्या क्षणी चुकली, शंभराच्या आसपास लोक जखमी झाले, पण ६७७ जण जिवंत राहिले. त्यातून जग शिकेपर्यंत यूबरलिंगेन होऊन गेलं.

त्या रशियन वैमानिकांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. आपण सगळे तसेच वाढलो. घरात मोठे म्हणतील ते खरं, ऑफिसात साहेब म्हणेल ते खरं, आणि मागच्या खुर्चीवरून कोणी धाकटा "पण हे वेगळंच सांगतंय" म्हणाला तर त्याला गप्प करायचं. रेडिओवरचा आवाज जिवंत माणसाचा होता, ठाम होता, दोनदा बोलला. डब्याचा आवाज हा डब्याचा आवाज. आपण तिथे असतो तर काय केलं असतं, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे विचारून बघावं.

तरीही नियम बरोबर आहे असं मला वाटतं. यंत्र माणसापेक्षा शहाणं आहे हे त्याचं कारण नव्हे, ते नाहीच. त्याला ढग कळत नाहीत, डोंगर कळत नाही, विमानात मुलं आहेत की पोती हे कळत नाही. पण त्याने एक गोष्ट केलेली असते जी कंट्रोलरने केलेली नसते. त्याने समोरच्याशी बोलून ठरवलेलं असतं. कंट्रोलरला डब्यांचा करार माहीतच नसतो. म्हणजे जो वैमानिक डब्याचं ऐकत नाही तो नुसता स्वतःच्या जिवाशी खेळत नाही. त्याच्या वतीने एका अनोळखी माणसाला दिलेला शब्द तो मोडतो. तो अनोळखी माणूस मात्र बिचारा शब्द पाळून खाली निघालेला असतो. रस्त्यावर डावीकडून चालवायचं की उजवीकडून यात काही पवित्र नाही. पण एकदा ठरल्यावर एकट्याने मन बदलणं हा गुन्हा आहे.

माझा एक भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, मामा, मग माणूस मध्ये हवाच कशाला? काही एअरबसमध्ये आता टीकॅसचा हुकूम ऑटोपायलट स्वतःच पाळतो, २००९ पासून ती सोय आहे. नवीन पिढीचं जे यंत्र आलंय त्यात हुकूम कधी द्यायचा हे लक्षावधी काल्पनिक भेटी संगणकावर घडवून ठरवलं जातं. वाया गेलेल्या प्रत्येक इशाऱ्याची एक किंमत, टकरीची एक फार मोठी किंमत, आणि एकूण बेरीज कमीत कमी होईल ते करायचं. मला हे पटतं. फक्त त्या किमती कोणी तरी माणसाने बसून लिहिलेल्या असतात, एवढं भाच्याने विसरू नये.

आणि दुसरी गोष्ट तर तो हमखास विसरतो. यंत्र विश्वासार्ह आहे का, हा प्रश्नच अर्धा आहे. माझ्या विमानातलं टीकॅस कितीही उत्तम असो, ते तुमच्या विमानातल्या ट्रान्सपाँडरने सांगितलेल्या उंचीवर विसंबून असतं. तुमच्या डब्याने उंची चुकीची सांगितली तर माझा डबा ती खरी मानून चालतो. तुमच्या डब्याने उंची सांगितलीच नाही, तर माझा डबा "जवळपास कोणी आहे" एवढंच म्हणू शकतो. वर जा की खाली, हे त्याला सांगता येत नाही. आणि तुमचा डबा अजिबात गप्प असेल तर माझ्या दृष्टीने तुम्ही नाहीच. ब्राझीलमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये हेच झालं. एका छोट्या जेटचा ट्रान्सपाँडर नकळत बंद झाला होता. ॲमेझॉनच्या जंगलावर ३७ हजार फुटांवर ते एका बोईंगला धडकलं. बोईंगमधले १५४ जण गेले. दोन्ही कॉकपिटमध्ये एक शब्दाचा इशारा वाजला नाही. गंमत म्हणजे, याला गंमत म्हणवत नाही खरं, पूर्वीची ढिसाळ उपकरणं असती तर विमानं शे-दोनशे मीटर इकडेतिकडे भरकटलेली असती आणि कदाचित चुकली असती. अचूकपणानेच घात केला.

तेव्हा तुमच्या सुरक्षिततेची किल्ली एका परक्या विमानाच्या डब्यात असते आणि त्या डब्याची किल्ली कुठल्यातरी विमानतळावर रात्री अडीच वाजता घामाने निथळत उभ्या असलेल्या एका माणसाच्या खिशात असते. तो माणूस मी.

आता ती गोष्ट.

१९९९ चा जुलै किंवा ऑगस्ट. इथला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. रात्री दमटपणा एवढा की विमानाच्या पोटाखाली उभं राहिलं तर वरून पाणी ठिबकतं. एक प्रवासी विमान आलं. वैमानिकाने लॉगमध्ये लिहिलं होतं की वाटेत कंट्रोलरने दोनदा विचारलं, तुमची उंची आम्हाला दिसत नाहीये. म्हणजे ट्रान्सपाँडर उत्तर देत होता, पण त्यातून उंची मधूनच गायब होत होती. मी तपासणीचं उपकरण लावलं, विमान जमिनीवर उभं असताना नळ्यांमधला हवेचा दाब बदलून त्याला आपण उंचावर आहोत असं भासवलं. हे करताना ॲन्टेनावर आच्छादन घालावं लागतं, नाहीतर वरून जाणाऱ्या खऱ्या विमानांना आपलं हे खोटं विमान दिसू शकतं. सगळं ठीक निघालं. पुन्हा केलं. ठीक. तिसऱ्यांदा केलं. ठीक.

पण मला शंका होती. असा मधूनच येणारा दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, मागच्या जोडणीत असतो. आणि त्या दमट हवेत तर नक्कीच. बघायचं म्हणजे रॅकमधून डबे काढा, मागचा कनेक्टर सोडवा, भिंगाने एकेक पिन बघा, पुन्हा सगळं जोडा, पुन्हा चाचणी. दीड तास तरी. सुटायला पन्नास मिनिटं होती. प्रवासी निघाले होते. सुपरवायझर दोनदा येऊन गेला. तो ओरडला नाही, नुसतं घड्याळाकडे बघून "काय?" म्हणाला. त्याने जबरदस्ती केली असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तीनदा तपासलं होतं. कागदावर माझी बाजू पूर्ण होती. मी लिहिलं: ग्राउंड चेक केला, समाधानकारक, दोष आढळला नाही. खाली सही.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि सही करताना मला माहीत होतं की मी खोटं बोलतोय.

तीन दिवसांनी तेच विमान तीच तक्रार घेऊन परत आलं. या वेळी वेळ होता. मी कनेक्टर उघडला. एका पिनेवर हिरवा गंज चढला होता, तांब्याच्या भांड्याला चढतो तसा. साफ केला, पिन बदलली, काम झालं. कोणी काही विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत काहीही झालं नव्हतं.

तर मंडळी, माझा प्रश्न असा आहे. झुरिकचा तो कंट्रोलर आणि मी, आमच्यात फरक कोणता?

त्याच्याकडे पद्धतीने चालत आलेली एक गैरसोय होती, माझ्याकडेही. त्याने त्या रात्री आपल्या परीने मन लावून काम केलं, मीही तीनदा तपासलं. उलट माझं पारडं जास्त वाईट. त्याला त्या क्षणी धोका ठाऊक नव्हता आणि मला शंका आली होती. पण त्याच्या रात्री ७१ माणसं गेली आणि माझ्या तीन दिवसांत माझ्या गंजलेल्या पिनेच्या वाटेत कोणी आलं नाही. हा फरक. यात माझं कर्तृत्व शून्य.

पाश्चात्य तत्त्वज्ञांनी याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलंय. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी त्यावर निबंध वाचले. मुद्दा असा, की दारू पिऊन गाडी चालवणारे दोघे; एकाच्या समोर पोर आलं, दुसऱ्याच्या समोर आलं नाही. आपण पहिल्याला खुनी म्हणतो, दुसऱ्याला फार तर बेजबाबदार. वागणं तेच, मग निवाडा वेगळा का? आपल्याकडे गीता वाचलेला माणूस म्हणेल, फळाकडे बघू नका, कर्माकडे बघा. मी हे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण कर्माकडे बघायचं ठरवलं तर मी सुटत नाही, उलट अडकतो. सुटका फळाकडे बघितलं तरच आहे. "काही झालं नाही ना!" हे फळाकडे बघूनच म्हणता येतं.

आणि ज्याच्या बाबतीत झालं त्याचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तो कंट्रोलर डॅनिश होता, वय ३६, पत्नी आणि तीन मुलं. अपघातानंतर त्याने कंट्रोलरचं काम सोडलं. २४ फेब्रुवारी २००४ रोजी झुरिकजवळ क्लोटेनमध्ये त्याच्या घरी एक माणूस आला. त्या माणसाची पत्नी आणि दोन्ही मुलं त्या टुपोलेव्हमध्ये होती; तो स्वतः स्पेनमध्ये त्यांची वाट बघत होता. त्याचं म्हणणं, मी मुलांचे फोटो दाखवायला आणि माफी मागून घ्यायला गेलो होतो. कंट्रोलरचा घराच्या दारातच सुऱ्याने खून झाला. त्या बापाला शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तो सुटला आणि पुढे उत्तर ओसेतियात उपमंत्रीही झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण संस्थेच्या चौघा व्यवस्थापकांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. तिघांना स्थगित कैद, एकाला दंड. एकट्या माणसाला रात्री दोन पडद्यांवर बसवण्याची पद्धत ज्यांनी चालू दिली त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचला, पण त्याआधी साडेतीन वर्षं दुःख त्याच्या दारापर्यंत पोहोचलं होतं.

त्या बापाबद्दल मला काय वाटतं हे मी अनेकदा ठरवलं आणि अनेकदा मोडलं. खून तो खूनच. पण माझा मुलगा तेव्हा दहावीत होता, तो दर उन्हाळ्यात एकटा आजोळी जायचा, त्याला विमानात बसवून मी काचेमागे उभा राहायचो. त्या डब्यात कोणाची सही आहे हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

२००२ नंतर मी बदललो का? थोडासा. मी विमानं अडवू लागलो. "दोष आढळला नाही" याऐवजी "दोष आढळला नाही, शंका आहे, कनेक्टर तपासणं बाकी" असं लिहू लागलो. हे वाक्य कोणाला आवडत नाही. दोनदा बढती हुकली. त्याचं कारण हेच होतं असं छातीठोक सांगता येणार नाही, मला बोलताही फारसं येत नाही. नव्या मुलांना शिकवताना मात्र मी ही हकिकत सांगायचो, "एक माणूस होता" अशी सुरुवात करून. तो माणूस कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, म्हणजे थोडासाच बदललो.

यंत्रही सुधारलं. यूबरलिंगेनमध्ये दोघंही खाली जात असताना एका डब्याने हुकूम उलटवायला हवा होता. तशी सोय त्यात होती, पण दोन विमानं इतकी जवळजवळच्या उंचीवर असताना ती जागी होत नव्हती. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तरी जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला नदीवर एक प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेलेच. जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली टीकॅस वर-खालीचे हुकूम देतच नाही. उतरत्या विमानाला तिथे घाबरवणं धोक्याचं म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. त्या विमानात "ट्रॅफिक, ट्रॅफिक" एवढं वाजलं, टकरीच्या वीस सेकंद आधी. पुढचं सांगायची त्याला परवानगी नव्हती. यंत्राने आपलं काम चोख केलं. बातमी वाचून मी टीव्ही बंद केला.

त्याच रात्री सौ.ला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती ज्वारीचं पीठ चाळत होती. पिनेचं, सहीचं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, पण काही झालं नाही ना?"

मी म्हटलं, "तोच तर प्रश्न आहे."

ती पुन्हा पीठ चाळू लागली. मला वाटलं, विषय संपला. मग चाळणी खाली ठेवून तिने विचारलं, "त्या तीन दिवसांत ते विमान कुठे कुठे गेलं होतं?"

मी तेव्हाच लॉग बघून ठेवलं होतं, इतकी वर्षं पाठ होतं. एकदा लंडन, एकदा कराची, दोनदा मुंबई.